एन्झो फर्नांडेझकडे जाब कशाचा मागायचा?

फुटबॉलवर तावातावाने बोलणाऱ्या मंडळींत अर्जेंटिनाच्या मधल्या फळीतल्या एन्झो फर्नांडेझचं नाव निघालं की दोन ठरलेली वाक्यं कानावर पडतात. पहिलं असं : ‘एवढे पैसे मोजून घेतला, पण दिलं काय त्याने?’ दुसरं वाक्य २०२४च्या त्या व्हिडिओचा, म्हणजे अर्जेंटिनाच्या विजयी संघाने बसमध्ये फ्रान्सच्या खेळाडूंना हिणवणारं गाणं म्हटलं त्याचा, विषय आला की येतं : ‘जाऊ द्या हो, पोरगं आहे, जिंकल्याच्या भरात गायलं.’ अनेकदा ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच बैठकीत बोलतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. मला वाटतं, हा सगळा वाद उलटा चालला आहे. ज्या गोष्टीवर एन्झोचा काडीचा ताबा नव्हता तिचा जाब आपण त्याला विचारतो, आणि जी गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने, स्वतःचा फोन हातात धरून केली ती पोटात घालतो. त्याच्या बदलीची किंमत दोन क्लबांनी ठरवली. गाणं त्याने गायलं.

आधी किमतीचं बघू. ब्युनॉस आयर्स प्रांतातल्या सान मार्तीनचा हा मुलगा, जन्म जानेवारी २००१चा. रिव्हर प्लेटचा लाडका उरुग्वेयन खेळाडू एन्झो फ्रान्सेस्कोली याच्यावरून घरच्यांनी नाव ठेवलं आणि मुलगा लहानपणीच रिव्हरच्या शाळेत दाखल झाला. २०२०मध्ये पहिल्या संघात उतरला, पण तिथे जागा होईना म्हणून देफेन्सा इ हुस्तिसिया या छोट्या क्लबकडे उसना गेला. प्रशिक्षक एर्नान क्रेस्पोच्या हाताखाली त्या क्लबने कोपा सुदामेरिकाना ही दक्षिण अमेरिकी क्लबांची स्पर्धा जिंकली, तेव्हा मधल्या फळीत हा होता. परत येऊन प्रशिक्षक गायार्दोच्या रिव्हरबरोबर २०२१ची लीग जिंकली. २०२२च्या उन्हाळ्यात लिस्बनच्या बेन्फिका क्लबने त्याला घेतलं ते १ कोटी युरोला, वर अटींवर अवलंबून असलेले आणखी ८० लाख. रिव्हरने २५ टक्के हक्क स्वतःकडे राखले. इथपर्यंतची चढण अर्जेंटिनातल्या कोणत्याही गुणी मुलाची असते तशीच आहे.

मग कतारमधला २०२२चा विश्वचषक आला. सौदी अरेबियाविरुद्धच्या पराभवात तो बदली म्हणून आला. मेक्सिकोविरुद्धही बदली म्हणूनच. ८७व्या मिनिटाला कॉर्नर लांब न मारता जवळच खेळला गेला, मेस्सीने चेंडू डावीकडे त्याच्याकडे सरकवला. समोरच्या बचावपटूला पायाच्या एका हुलकावणीने त्याने थबकवलं आणि उजव्या पायाने चेंडू असा वळवला की ओचोआची झेप पुरी पडली तरी बोटं पोचली नाहीत. त्या गोलाने तो जगाला ठाऊक झाला. पण मला विचाराल तर त्याचं खरं काम क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दिसलं. मधल्या फळीतून त्याने बचावाच्या डोक्यावरून चेंडू टाकला, हुलियन अल्वारेझ धावला, गोलकीपरने त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली आणि मेस्सीने ती मारली. स्पर्धेच्या हिशेबात त्या पासची नोंद गोल म्हणून नाही आणि असिस्ट म्हणूनही नाही. सामना मात्र तिथूनच उघडला. मधल्या फळीतल्या खेळाडूला गोल-असिस्टच्या तक्त्यावर तोलणाऱ्यांनी ही पेनल्टी पुन्हा बघावी.

स्पर्धेचा सर्वोत्तम युवा खेळाडू ठरून तो लिस्बनला परतला आणि जानेवारी २०२३च्या शेवटच्या दिवशी लंडनच्या चेल्सी क्लबने त्याला उचललं. १२.१ कोटी युरो, म्हणजे जवळपास १०.७ कोटी पौंड, ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. सहा-सात महिन्यांत किंमत दहापटीहून जास्त कशी झाली? खेळ दहापट सुधारला म्हणून नाही. करारात सुटकेची किंमत लिहिलेली होती. बेन्फिकाचे अध्यक्ष रुई कॉस्टा स्वतः मधल्या फळीतले मोठे खेळाडू, त्यांना हातातला माल कळत होता, आणि ते त्या आकड्याच्या खाली यायला तयार नव्हते. दुसऱ्या बाजूला चेल्सीचे नवे मालक होते, पैशाने भरलेले आणि घाईत. त्यांनी त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला, कारण हिशेबाच्या वह्यांमध्ये बदलीची रक्कम कराराच्या वर्षांवर वाटून दाखवता येत होती. म्हणजे वर्षाला साधारण १.४ कोटी युरो. ही पळवाट इतकी उघड होती की त्याच उन्हाळ्यात युएफाने आणि वर्षाअखेरीस प्रीमियर लीगने नवीन करारांसाठी ही वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. तेव्हा १२.१ कोटी हा आकडा एका विक्रेत्याच्या हट्टातून, एका ग्राहकाच्या घाईतून आणि नियमातल्या एका भोकातून तयार झालेला आहे. बावीस वर्षांच्या मुलाने तो आपल्या कपाळावर लिहून घेतला नव्हता.

या टीकाकारांचे दोन मुद्दे मात्र वजनदार आहेत. एक, किंमत त्याची नसली तरी पगार त्याचा आहे, आणि साडेआठ वर्षांच्या करारावर सही त्यानेच केली. बरोबर. दुसरा, पहिल्या दीड वर्षात तो खरोखर फिका पडला. २०२२-२३मध्ये चेल्सी बाराव्या क्रमांकावर घसरला. कित्येक सामन्यांत एन्झो आडवे पास देत राहिला आणि चेंडू गेल्यावर मागे धावताना कमी पडला. हेही मान्य. पण याच दीड वर्षात त्याने पॉटर, लॅम्पार्ड, पोचेत्तिनो आणि मारेस्का असे प्रशिक्षक पाहिले. हर्नियाचं दुखणं अंगावर काढत खेळला आणि एप्रिल २०२४मध्ये शस्त्रक्रियेसाठी थांबला. कधी बचावासमोर उभा केला गेला, कधी पुढे ढकलला गेला. मारेस्काने त्याला डावीकडे पुढची मोकळी जागा दिली तेव्हा त्याचा खेळ फुलला. मे २०२५मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफला कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात बेटिसने आघाडी घेतली होती. पामरच्या क्रॉसवर डोक्याने बरोबरी साधणारा एन्झोच होता, आणि तिथून चेल्सी ४-१ने जिंकला. जुलैमध्ये त्याच संघाने पॅरिस सेंट-जर्मेनला ३-० हरवून क्लब विश्वचषक घेतला.

हा प्रकार नवा नाही. २००१मध्ये मँचेस्टर युनायटेडने अर्जेंटिनाच्याच हुआन सेबास्तियन व्हेरोनला २.८१ कोटी पौंडांना घेतलं, तोही तेव्हा ब्रिटनमधला विक्रम होता. इंग्लंडमध्ये दोन वर्षं त्याच्या प्रत्येक चुकलेल्या पासची किंमत पौंडांत मोजली गेली. ‘फ्लॉप’ हा शिक्का बसला तो आजतागायत पुसलेला नाही. पण तोच व्हेरोन मायदेशी एस्तुदियांतेसमध्ये परतला, २००९मध्ये कर्णधार म्हणून कोपा लिबर्तादोरेस जिंकला आणि लागोपाठ दोन वर्षं दक्षिण अमेरिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाय तेच, डोकं तेच. मग मँचेस्टरमध्ये अपयशी कोण ठरलं? व्हेरोन, की मधल्या फळीत रॉय कीन आणि पॉल स्कोल्स असताना व्हेरोनचं काय करायचं हे नीट न ठरवता पैसे मोजणारे?

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो, आणि इथे माझा सूर बदलतो. १४ जुलै २०२४ला अर्जेंटिनाने मायामीत कोलंबियाला हरवून कोपा अमेरिका जिंकली. बसमध्ये जल्लोष सुरू होता आणि एन्झो आपल्या इन्स्टाग्रामवरून तो थेट दाखवत होता. त्यात खेळाडूंनी फ्रान्सच्या संघाबद्दलचं एक गाणं म्हटलं. २०२२च्या विश्वचषकापासून अर्जेंटिनाच्या काही चाहत्यांच्या तोंडी असलेलं हे गाणं. त्याचा मथितार्थ असा की हे खेळतात फ्रान्सकडून, पण आहेत आफ्रिकेचे. आई एका देशाची, बाप दुसऱ्याचा, फक्त कागदावर फ्रेंच. वर एम्बाप्पेबद्दल पारलिंगी व्यक्तींना हिणवणारी एक ओळ. चेल्सीच्या ड्रेसिंग रूममध्ये एन्झोच्या शेजारी कपडे बदलणारे अर्धा डझन कृष्णवर्णीय फ्रेंच खेळाडू होते. त्यांच्यापैकी वेस्ली फोफानाने तो व्हिडिओ सर्वांसमोर मांडून याला उघडावाघडा वंशवाद म्हटलं. फ्रेंच फुटबॉल महासंघाने तक्रार केली, फिफाने चौकशी सुरू केली, क्लबने शिस्तभंगाची प्रक्रिया आरंभली.

एन्झोच्या बाजूने जे बोललं जातं त्यातलं काही खरं आहे. तो तेवीस वर्षांचा होता. संपूर्ण बस गात होती आणि नाव फक्त फोन धरणाऱ्याचं झालं, हेही खरं. बाकीच्यांपैकी किती जणांना कुणी काही विचारलं? संस्कृतीचा मुद्दाही मी हसण्यावारी नेणार नाही. २०२०मध्ये उरुग्वेच्या एदिन्सन कवानीने मित्राला लाडाने ‘नेग्रितो’ (शब्दशः ‘छोटा काळा’) म्हटलं म्हणून इंग्लंडमध्ये तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंड दंड झाला. ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे अर्जेंटिनात आणि उरुग्वेत, हा शब्द घराघरांत मायेने वापरतात, आणि तिथल्या लोकांना तो निकाल अन्यायाचा वाटला, यात मला नवल वाटत नाही. लंडनच्या फूटपट्टीने माँतेव्हिदेओतली माया मोजू नये, हे मला पटतं.

पण ते कवानीचं प्रकरण होतं. इथे माया कुठे आहे? या गाण्यात एका माणसाच्या आईबापाचा जन्म काढून त्याला सांगितलं जातं की तू घातलेली जर्सी तुझी नाही. कोणत्याही नदीच्या कोणत्याही काठावर याचा अर्थ बदलत नाही. म्हणूनच संस्कृतीचा बचाव इथे लागू पडत नाही, आणि जे कवानीचं नाव पुढे करून एन्झोला वाचवतात ते कवानीवरही अन्याय करतात.

सर्वांत जोरदार बचाव आला तो अर्जेंटिनाच्या उपाध्यक्षा व्हिक्टोरिया व्हिजारुएल यांच्याकडून. वसाहती बाळगणाऱ्या देशाने मैदानातल्या गाण्यावरून आम्हाला दटावू नये, असा त्यांचा रोख होता. मेस्सीने माफी मागावी असं म्हणणारे क्रीडा उपसचिव हुलिओ गारो यांना तर अध्यक्ष मिलेई यांच्या सरकारने पदावरूनच काढलं. आपल्याकडे या वसाहतवादाच्या मुद्द्याला चटकन टाळी पडते, आणि का पडू नये? फ्रान्सचे हात काही स्वच्छ नाहीत. त्यांच्याच महासंघात २०११मध्ये दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांची संख्या अकादमीत मर्यादित ठेवण्याची चर्चा झाल्याचं उघड झालं होतं आणि तेव्हाचे प्रशिक्षक लोराँ ब्लाँ अडचणीत आले होते. तरीही विचार करा. १९९६मध्ये फ्रान्समधला अतिउजवा नेता ज्याँ-मारी ल पेन हाच आक्षेप घेत होता : बाहेरचे खेळाडू आणून त्याला फ्रान्सचा संघ म्हणणं हा कृत्रिम प्रकार आहे. दोन वर्षांनी त्याच संघाने विश्वचषक जिंकून त्याला उत्तर दिलं. बसमधलं गाणं शब्दाला शब्द नसलं तरी मुद्द्याला मुद्दा ल पेनचंच आहे. वसाहतवादाला विरोध म्हणून ल पेनचं गाणं म्हणायचं? ज्यांच्या आजोबांवर फ्रान्सने राज्य केलं त्यांच्याच नातवांना हिणवून फ्रान्सच्या साम्राज्याला कोणता धक्का बसतो? आणि सरकारलाही हा बचाव फार काळ झेपला नाही. मिलेई पॅरिस ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाला जायचे होते, तेव्हा त्यांची बहीण कारिना फ्रेंच वकिलातीत जाऊन सारवासारव करून आली.

शिवाय ‘तू नक्की कुठला?’ हा प्रश्न अर्जेंटिनाने विचारावा? लुइस मोन्ती १९३०चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४चा इटलीकडून. त्याच १९३४च्या अंतिम सामन्यात इटलीचा बरोबरीचा गोल करणारा ओर्सीही अर्जेंटिनात जन्मलेला. सिव्होरी इटलीकडून खेळला, डि स्टेफानो स्पेनकडून. कामोरानेसी २००६चा विश्वचषक जिंकला तो इटलीच्या निळ्या जर्सीत. ब्युनॉस आयर्समध्ये वाढलेल्या ट्रेझगेने २००० सालची युरो स्पर्धा फ्रान्सला गोल्डन गोलने जिंकून दिली, आणि फ्रान्सच्या ब्रेस्ट गावात जन्मलेला इग्वाईन २०१४चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून खेळला. खुद्द एन्झोच्या शेजारी मधल्या फळीत उभ्या राहणाऱ्या खेळाडूचं मॅक अ‍ॅलिस्टर हे आडनाव काही अर्जेंटिनाच्या पाम्पा नावाच्या मैदानी गवतात उगवलेलं नाही. या सगळ्यांच्या बाबतीत आईबापाचा गाव कुणी काढला नाही. तो काढावासा वाटला फक्त आफ्रिकी मुळांच्या खेळाडूंच्या बाबतीत. हा फरक कातडीच्या रंगाचा आहे, दुसरा कसलाही नाही.

आणि हा रंग अर्जेंटिनाला परका तरी कुठे आहे? १७७८च्या जनगणनेत ब्युनॉस आयर्स शहरातली जवळपास ३० टक्के माणसं आफ्रिकी वंशाची होती. स्वातंत्र्ययुद्धात ती लढली, मेली. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातून लाखो स्थलांतरित आले आणि देशाने स्वतःची ओळखच अशी रचली की आम्ही सगळे जहाजांतून उतरलेले युरोपीय. ही समजूत किती खोल आहे ते २०२१मध्ये दिसलं. तेव्हाचे अध्यक्ष आल्बेर्तो फर्नांडेझ, म्हणजे मिलेईंच्या विरुद्ध राजकीय छावणीतले गृहस्थ, जाहीरपणे म्हणाले की मेक्सिकन इंडियनांपासून आले, ब्राझिलियन जंगलातून आले आणि आम्ही जहाजांतून आलो. नंतर त्यांना माफी मागावी लागली. पण दुसरीही बाजू आहे. मारिया रेमेदिओस देल व्हाये या कृष्णवर्णीय सैनिक स्त्रीला तिथे मातृभूमीची माता म्हणतात. तिच्या स्मृतीसाठी ८ नोव्हेंबर हा आफ्रो-अर्जेंटिनियनांचा राष्ट्रीय दिवस आहे. मे २०२४मध्ये चलनात आलेल्या दहा हजार पेसोंच्या नोटेवर स्वातंत्र्यसेनानी बेल्ग्रानोच्या जोडीला तिचं चित्र आहे. म्हणजे जिच्या वंशाच्या माणसांना बसमध्ये परकं ठरवलं जात होतं ती स्त्री दोन महिन्यांपूर्वीच देशाच्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या नोटेवर आली होती. ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणणाऱ्यांनी अर्जेंटिनाच्या दोन परंपरांपैकी एकच निवडलेली आहे.

मराठी माणसाने या भानगडीत का पडावं, असं कुणी म्हणेल. एकतर अर्जेंटिनाचा संघ आपल्याकडे परका राहिलेला नाही. कोल्हापुरात विश्वचषकाच्या दिवसांत पेठापेठांत फलक लागतात, गोव्यात घराघरांवर झेंडे चढतात, आणि डिसेंबर २०२५मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी ते मैदान भरलं होतं. दुसरं कारण त्याच वानखेडेवरचं आहे. ऑक्टोबर २००७मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात तिथल्या काही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडाचे आवाज काढले, हावभाव केले. पोलिसांना काही जणांना बाहेर काढावं लागलं. तेव्हाही आपल्याकडे आधी हेच ऐकू आलं की हा आमच्याकडचा साधा चेष्टेचा प्रकार, गोऱ्यांच्या देशाने आम्हाला वंशवाद शिकवू नये. जानेवारी २०२१मध्ये सिडनीला मोहम्मद सिराजला प्रेक्षकांनी शिव्या घातल्या तेव्हा मात्र आपल्याला वंशवाद लगेच ओळखता आला. एन्झोची पाठराखण करताना आपण नकळत वानखेडेवरच्या त्या प्रेक्षकांचीही पाठराखण करत असतो, म्हणून हा वाद आपलाही आहे.

जाब मागायचा म्हणजे माणसाला संपवायचं असं मी म्हणत नाही. चेल्सीने त्याला विकून टाकावं, कर्णधाराची पट्टी कधीच देऊ नये, असं म्हणणारेही होते. ते मला पटत नाही. व्हिडिओ पसरल्यावर एन्झोने दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली नाही. गाण्याची भाषा अत्यंत अपमानकारक आहे आणि तिला कोणतीही सबब नाही, असं त्याने लिहिलं. संघात परतल्यावर सहकाऱ्यांना सामोरा गेला. उपाध्यक्षबाईंनी पुढे केलेला वसाहतवादाचा झेंडा त्याने हातात धरला नाही. त्याचे वकील म्हणवणारे चाहते आजही जी सबब देतात ती त्याने स्वतः नाकारलेली आहे, आणि हे या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोलकं वाटतं. पुढच्या मोसमात चेल्सीचा कर्णधार रीस जेम्स नसला की पट्टी एन्झोच्याच दंडावर दिसू लागली. आता ज्यांच्या मुळांवरून गाणं म्हटलं होतं त्यांच्यापुढे उभं राहून संघ मैदानात न्यायची जबाबदारी त्याच्यावर आली. माफीची खरी परीक्षा तिथे होते, आणि ती रोज होते. राष्ट्रीय संघाच्या पुढच्या बसमध्ये कुणी तेच गाणं सुरू केलं तर तो गप्प बसतो की थांबवतो, हा प्रश्न त्याला विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. त्याने किती गोल केले, यापेक्षा जास्त आहे.

चाहत्याला असा हक्क असतो, हे एन्झोला फार लवकर कळलेलं होतं. जून २०१६मध्ये न्यू जर्सीत चिलीविरुद्ध पेनल्टी चुकल्यावर मेस्सीने राष्ट्रीय संघ सोडत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा पंधरा वर्षांच्या, कुणालाही माहीत नसलेल्या एन्झोने फेसबुकवर त्याला उद्देशून एक मजकूर लिहिला. चार कोटी माणसं तुझ्याकडून परिपूर्णतेची अपेक्षा धरतात, त्या ओझ्याचा शंभरावा हिस्साही आम्ही कधी उचललेला नाही, मग आम्ही कोण तुला सांगणारे, असा त्याचा भाव होता. आणि तरीही शेवटी त्याने मागणं मागितलंच, की राहा. निकालाचा जाब त्याने मेस्सीकडे मागितला नाही, तो मागू नये हे त्याला त्या वयात कळत होतं. पण निळ्या-पांढऱ्या जर्सीत तू कसा वागावास याबद्दल मी तुला काही सांगू शकतो, हे त्याने गृहीत धरलं होतं. आज ती जर्सी त्याच्या अंगावर आहे. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी त्याला १२.१ कोटींचा हिशेब विचारणं सोडावं आणि फोफानाने जो प्रश्न सर्वांसमोर विचारला तो त्याच्या पाठीशी उभं राहून विचारावा, बसमधल्या बाकीच्यांनाही विचारावा.